भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीतलं चोपण कसं ओळखावं आणि कसं कमी करावं

पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात, उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो. जुलैत त्याच शेतात चार दिवस पाणी साचून राहतं आणि वीतभर खाली माती कोरडीच असते. ही चोपण जमीन. अनेकजण तिला खारवट समजतात. पांढरा क्षार वर दिसत नाही, म्हणून काहीजण ती चांगली आहे असंच धरून चालतात. दोन्ही समज महागात पडतात.

काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. कणांवर कॅल्शियम असेल तर माती ढेकूळ धरून राहते. सोडियम वाढला की कण पाण्यात सुटे होतात आणि बारीक छिद्रं बुजवतात. पायाखाली चुनखडीचे खडे असतात, पण त्यातला कॅल्शियम बांधलेला असतो. पिकाला किंवा मातीच्या घडणीला तो सहजी मिळत नाही.

आधी पेल्यात पाहा

वाटाण्याएवढं वाळलेलं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडा. हलवू नका. दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी पाहा. ढेकूळ नुसतं फुटून खाली बसलं आणि पाणी नितळ राहिलं तर ठीक. भोवती दुधासारखा गढूळपणा पसरला तर सोडियमची शंका धरा. इथे बोअरचं पाणी चालणार नाही, कारण खाऱ्या पाण्यात माती सुटी होत नाही आणि निकाल फसवा येतो. शेतातही हेच घडतं: खाऱ्या पाण्याने भिजवलेली जमीन बरी दिसते आणि पहिल्या मोठ्या पावसात तिची घडण मोडते.

मग नमुना तपासा, पण नेमकं सांगून

०–२०, २०–४० आणि ४०–६० सेंटिमीटर असे वेगवेगळे नमुने घ्या; सोडियम बहुधा खालच्या थरात जास्त असतो. जमीन आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब आणि अन्नद्रव्यं असतात, विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम, नसतो. तो आणि धनभार विनिमय क्षमता (कॅल्शियम, सोडियमसारखे धनभार धरून ठेवण्याची मातीची एकूण ताकद) वेगळी मागून घ्या. या क्षमतेचा किती टक्के भाग सोडियमने व्यापला आहे ते पाहायचं; पुस्तकी मर्यादा १५ टक्के आहे. पण पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनींत ५ टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरणं खालावतं, असं संशोधनातून दिसलं आहे. त्यामुळे अहवालात ९ टक्के आले तर निश्चिंत राहू नका.

पाण्याला वाट द्या

चोपणीवर उपाय जिप्समचा: त्यातला विरघळणारा कॅल्शियम कणांवरच्या सोडियमची जागा घेतो. पण हे काम जिप्समच्या आधीचं. सुटलेला सोडियम बाहेर गेला नाही तर पैसे मातीत गेले. शेताचा ढाळ पाहून चर नाल्यापर्यंत न्या, पेरणी उताराला आडवी आणि रुंद वरंबा-सरीवर करा. वाफसा येण्याआधी ट्रॅक्टर घालू नका. ओल्या चोपणीत चाकाखाली दाबलेला थर पुढे कित्येक हंगाम त्रास देतो.

जिप्समचा हिशेब

वरच्या १५ सेंटिमीटर थरातला १ मिलिइक्विव्हॅलंट (अहवालात भार मोजण्याचं एकक, १०० ग्रॅम मातीमागे) सोडियम हटवायला एकरी सुमारे ८ क्विंटल शुद्ध जिप्सम लागतं. समजा धनभार विनिमय क्षमता ५० एकक आहे आणि सोडियम ९ वरून ५ टक्क्यांवर आणायचा आहे. म्हणजे २ एकक, १६ क्विंटल. जिप्सम ७५ टक्के शुद्ध असेल तर सुमारे २१ क्विंटल. एका वर्षात खर्च झेपत नसेल तर दोन हंगामांत विभागा.

मेअखेरीस सारखं पसरून वखराच्या पाळीने वरच्या थरात मिसळा. खोल गाडू नका. लिटरभर पाण्यात जेमतेम अडीच ग्रॅम जिप्सम विरघळतं. म्हणून एकरी १० क्विंटल शुद्ध जिप्समसाठी निदान १०० मिलिमीटर पाऊस शेतातच मुरायला हवा. खरं औषध पाऊस आहे, असं मी म्हणतो ते यासाठीच. पहिले पाऊस बांधाने शेतात अडवा, जादा झालेलं चरातून सोडा.

शेणखत भरपूर घाला. शक्य असेल तर धैंचा पेरून ४५ दिवसांनी गाडा. त्याचा खरीप जातो, पण जमिनीला जे मिळतं ते पैशांत मोजता येत नाही.

पिकं आणि पाणी

कपाशी आणि करडई हे बरंचसं सोसतात. हरभरा आणि मूग नाजूक, म्हणून ते सुधारलेल्या तुकड्यातच घ्या. विहिरीचं पाणी तपासल्याशिवाय देऊ नका. त्यातलं शेष सोडियम कार्बोनेट (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्त असलेलं कार्बोनेट-बायकार्बोनेट) लिटरमागे २.५ मिलिइक्विव्हॅलंटच्या वर गेलं तर जिप्समची मेहनत वाया जाते. शेततळ्यात साठवलेल्या पावसाच्या पाण्याची एखादी संरक्षित पाळी, तुषारने दिलेली, अशा जमिनीला कितीतरी मोलाची आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पेल्याचा तोच प्रयोग २०–४० सेंटिमीटरच्या ढेकळावर करा. पाणी अजून गढूळ होत असेल तर उरलेली मात्रा पावसाआधी द्या.