सेफ ग्राफिक्समध्ये लिनक्स टाकून बघताय? मग ते खरंच सेफ ग्राफिक्सवर चाललंय का ते आधी तपासा

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून सोलापूरच्या पूर्व भागातल्या चादर-टॉवेलच्या कारखान्यांमधले हिशेबाचे जुने पीसी लिनक्सवर (विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम) न्यायला माझ्याकडं येतायत. प्रत्येक पीसी मी एकदा साध्या ग्राफिक्स ड्रायव्हरवर, म्हणजेच सेफ ग्राफिक्समध्ये, इन्स्टॉल करून बघतोच, कारण उद्या एखाद्या अपडेटनंतर स्क्रीन काळी झाली तर आत शिरायला बहुतेक हीच वाट उरते, आणि ती चालू आहे का हे आजच कळलेलं बरं.

पेनड्राइव्ह तयार आहे, बॅकअप झालाय हे धरून चालतो. यूपीएस मात्र लावाच, पार्टिशन चालू असताना लाईट गेली की बसा मग.

लिनक्सचे वेगवेगळे प्रकार आहेत. पेनड्राइव्हवरून चालू केल्यावर येणाऱ्या बूट मेनूत उबुंटूला 'सेफ ग्राफिक्स', मिंटला 'कम्पॅटिबिलिटी मोड' आणि फेडोराला ट्रबलशूटिंगच्या आत 'बेसिक ग्राफिक्स मोड' दिसेल, ते निवडा. तिन्हीकडं मुख्य काम एकच, कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) नोमोडसेट (nomodeset) हा शब्द जातो, म्हणजे इंटेल, एएमडी, एनव्हिडियाचा खरा ड्रायव्हर लावू नको, फर्मवेअरनं (मदरबोर्डवरच्या बायॉससारख्या प्रोग्रॅमनं) जी साधी स्क्रीन देऊन ठेवलीय त्यावरच भागव.

आता खरी मेख. डेस्कटॉप दिसला म्हणून लोक 'चाललं की' म्हणतात आणि पुढं जातात. तसं अजिबात करू नका! टर्मिनल उघडा, एलएसपीसीआय लिहा, जागा सोडा, डॅश आणि के. व्हीजीएवाल्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या, नोंदीखाली बघा. तिथं 'कर्नल मॉड्यूल्स' अशी ओळ असते आणि तिच्यात आय९१५ किंवा एएमडीजीपीयू दिसतं, पण त्याचा अर्थ एवढाच की या कार्डाला हा ड्रायव्हर लागू पडतो. तो चालू आहे असं नाही. चालू असेल तर 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी वेगळी ओळ येते. सेफ ग्राफिक्समध्ये ही ओळ नसलीच पाहिजे, असेल तर तुमची टेस्ट झालेलीच नाही. या दोन ओळींच्या घोळात माझा पूर्वी भरपूर वेळ गेलाय, म्हणून एवढं ठासून सांगतोय. दुसरी खूण, सेटिंग्जमधल्या अबाऊटमध्ये ग्राफिक्ससमोर एलएलव्हीएमपाईप किंवा सॉफ्टवेअर रेंडरिंग येतं, म्हणजे चित्र काढायचं सगळं ओझं प्रोसेसरवर आहे.

आणि ही टेस्ट व्हर्च्युअलबॉक्समध्ये (पीसीच्या आत खोटा पीसी चालवणारा प्रोग्रॅम) करून पास म्हणू नका, तिथं तुमचं कार्डच नसतं.

इन्स्टॉल नेहमीसारखंच. रिझोल्यूशन कमी असलं की इन्स्टॉलरची खालची बटणं स्क्रीनबाहेर जातात, ऑल्ट दाबून खिडकी माऊसनं ओढा (काही डेस्कटॉपवर ऑल्टऐवजी विंडोजचं बटण).

मग रिबूट, आणि बरेच जण इथंच घाबरतात. फेडोराचा इन्स्टॉलर नोमोडसेट नवीन सिस्टिममध्येही ठेवतो, उबुंटू सहसा ठेवत नाही, त्यामुळं तिथं पहिल्याच बूटला स्क्रीन काळी राहू शकते. इन्स्टॉल फसलेलं नसतं! चालू होताना एस्केप (जुन्या बायॉसवर शिफ्ट) दाबून ग्रब मेनू (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा मेनू) आणा, ई दाबा, लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून नोमोडसेट टाका, सगळी अक्षरं इंग्रजी आणि लहान, शब्दाच्या मधे जागा नाही, मग एफ१०. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो.

नेटवर कुणीतरी सांगतं की नोमोडसेट कायमचंच टाकून ठेवा. हा सल्ला वाईट आहे, साफ वाईट. ब्राइटनेस कमी-जास्त होत नाही, दुसरा मॉनिटर लागत नाही, झोपवलेला लॅपटॉप नीट उठत नाही आणि नुसता व्हिडिओ लावला तरी प्रोसेसर तापतो, सोलापूरच्या मे महिन्यात तर विचारूच नका. आत शिरायला वापरा, अपडेट करा, एनव्हिडिया असेल तर ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर टाका आणि मग नोमोडसेट काढा. उबुंटू-मिंटवर कायमचं लिहिलं असेल तर ग्रबच्या डिफॉल्ट फाईलमधून पुसून सुडो अपडेट-ग्रब चालवा, फेडोरावर हेच काम ग्रबी नावाची कमांड करते.

रिबूट करून परत तीच एलएसपीसीआयवाली कमांड मारा. या वेळी 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळ आली पाहिजे, आणि ती येत नाही तोवर पीसी मालकाच्या हातात देऊ नका.