घरातली हवा खेळती ठेवण्यासाठी काय करावे

दारे-खिडक्या लावून घेतलेल्या खोलीत रात्रभर पंखा चालू असला, तरी सकाळी बाहेरून आत येणाऱ्याला कोंदटपणा जाणवतो, कारण पंखा हवा हलवतो, बदलत नाही. खोलीत आहे तीच हवा तो फिरवत राहतो आणि श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड, बाष्प आणि वास तिथेच साठत जातात. अंगाला वारा लागणे आणि आतली हवा जाऊन बाहेरची येणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यासाठी पंखा पुरतो. दुसऱ्यासाठी हवेला आत येण्याची आणि बाहेर जाण्याची, अशा दोन्ही वाटा मोकळ्या असाव्या लागतात. म्हणून नवे उपकरण विकत घेण्याआधी घरातली ही वाट शोधावी, असे मी आग्रहाने सांगेन.

हवा किती शिळी झाली आहे, हे कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणावरून चांगले कळते. मोकळ्या हवेत दर दहा लाख भागांत त्याचे सुमारे ४२० भाग असतात. खोलीत हा आकडा १००० च्या पुढे गेला, तर वायुवीजन अपुरे समजावे, हा निकष माक्स फॉन पेटेनकोफर या जर्मन आरोग्यशास्त्रज्ञाने १८५८ साली मांडला आणि तो आजही वापरला जातो. दोन माणसे झोपलेल्या बंद खोलीत ही मर्यादा काही तासांतच ओलांडली जाते.

वाट शोधण्यासाठी टिश्यू पेपरची बोटभर रुंद आणि वीतभर लांब पट्टी पुरते. सगळे पंखे बंद करावेत, खिडक्या उघडाव्यात आणि पट्टी वरच्या टोकाला धरून प्रत्येक खिडकीपाशी, दाराच्या चौकटीत आणि दाराखालच्या फटीपाशी क्षणभर स्थिर ठेवावी. पट्टी आत झुकली तर तिथून हवा येत आहे, बाहेर झुकली तर जात आहे, आणि नुसतीच लोंबत राहिली तर ती जागा बंद असल्यासारखीच आहे. असे फिरून पाहिले की बहुतेक घरांत अडथळा खिडकीत नव्हे, तर आतल्या दारात सापडतो. समोरासमोरच्या दोन खोल्यांच्या खिडक्या सताड उघड्या असतात, पण मधले दार लावलेले असते आणि वारा तिथेच अडतो. दार उघडे ठेवणे शक्य नसेल, तर त्याच्या वर झरोका असावा, किंवा निदान खाली एक-दोन सेंटिमीटरची फट राखावी.

समोरासमोरच्या भिंतींतल्या खिडक्या सर्वांत उपयोगी. लगतच्या दोन भिंतींतल्या खिडक्यांनीही बरेच साधते. वारा आत येतो ती खिडकी थोडीशी आणि जातो ती पूर्ण उघडली, तर आत येणारा झोत वेगवान होतो. तो बसण्याच्या किंवा झोपण्याच्या जागेवरून जाईल असे पाहावे. गरम हवा हलकी असल्याने वर चढते, त्यामुळे बाहेर जाण्याची वाट जितकी उंचावर, तितकी चांगली. बाहेर वाराच नसेल, तर टेबल फॅन एका खिडकीत बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवावा आणि घराच्या दुसऱ्या टोकाची, सावलीतली खिडकी उघडावी. पंख्याच्या शेजारची खिडकी मात्र बंदच ठेवावी, नाहीतर तिथून आलेली हवा लगेच बाहेर फेकली जाते आणि बाकीच्या घराला तिचा काहीच उपयोग होत नाही.

छताचा पंखा खोलीचे तापमान कमी करत नाही. तो घाम लवकर सुकवतो, म्हणून आपल्याला गार वाटते; रिकाम्या खोलीत तो चालू ठेवणे म्हणजे निव्वळ विजेचा अपव्यय होय. पात्यांच्या कडांवर काळपट धुळीचा थर बसला की वाराही कमी लागतो आणि तीच धूळ खोलीभर उडते, तेव्हा त्या ओल्या फडक्याने नियमित पुसाव्यात.

खिडक्या कधी उघडायच्या, यालाही महत्त्व आहे. उन्हाळ्यात बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असेपर्यंत खिडक्या आणि पडदे लावून ठेवावेत आणि रात्री सर्व उघडून भिंती गार होऊ द्याव्यात. थंडीत दिवसभर बारीक फट ठेवण्यापेक्षा दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे सगळे सताड उघडावे. हवा बदलते, पण भिंती निवत नाहीत. घर वाहत्या रस्त्यालगत असेल, तर गर्दीच्या वेळा टाळाव्यात. थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी धूर जमिनीलगत साचून राहतो, त्यामुळे दुपारची वेळ त्यातल्या त्यात बरी.

धूर आणि वाफ मात्र जिथे निर्माण होतात तिथूनच बाहेर काढली पाहिजेत. तळणे-परतणे सुरू करण्याआधीच एक्झॉस्ट फॅन लावावा आणि गॅस बंद केल्यावरही दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. ज्या चिमणीचा पाइप घराबाहेर जात नाही, ती तेलकटपणा काही अंशी गाळते, पण ज्वलनातून निर्माण झालेले वायू पुन्हा स्वयंपाकघरातच सोडते. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत यावी लागते, म्हणून लांबची एक खिडकी किलकिली ठेवावी. ती नसेल आणि घरात धुराड्याची शेगडी किंवा गॅस गीझर असेल, तर जोरदार एक्झॉस्ट फॅन त्यातला धूर उलट आत ओढू शकतो. बंद न्हाणीघरात गॅस गीझर कधीही वापरू नये. त्यातून साठणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि धोका लक्षात येण्याआधीच माणूस बेशुद्ध होऊ शकतो.

अंघोळीनंतर न्हाणीघरातला पंखा वीसेक मिनिटे चालू द्यावा. घरातली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असावी. त्याहून जास्त दमटपणा टिकून राहिला की बुरशी धरते. ती प्रथम दिसते ती बाहेरच्या भिंतीला खेटून ठेवलेल्या कपाटाच्या मागे, म्हणून तिथे चार बोटांचे अंतर सोडावे.

साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. एअर प्युरिफायर धूलिकण गाळतो, पण कार्बन डायऑक्साइड काढत नाही. त्यामुळे ही यंत्रे असली तरी अधूनमधून खिडकी उघडावीच लागते. एसीची जाळी वापराच्या दिवसांत दर पंधरवड्याला धुवावी. प्युरिफायर कोपऱ्यात किंवा पडद्यामागे न ठेवता चारही बाजूंनी मोकळ्या जागी ठेवावा आणि फिल्टर बसवल्याची तारीख त्याच्या कडेवर लिहून ठेवावी, म्हणजे तो बदलण्याची वेळ चुकत नाही.