पाणी उडतं, मीठ उडत नाही

खाऱ्या पाण्याच्या माशांची टँक भरून झाली की पहिलं काम हे करा, काचेवर बाहेरून पाण्याच्या पातळीला बरोबर एक चिकटपट्टी लावा. दुसऱ्या दिवशी बघा, पाणी पट्टीच्या थोडं खाली गेलेलं असेल. गेलं ते निव्वळ पाणी, मीठ सगळं आतच आहे. खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे तर निम्मी मेहनत या एका गोष्टीवर आहे, आणि नवीन माणूस नेमका इथंच चुकतो, पाणी कमी झालं म्हणून मीठ घातलेलंच पाणी वरून ओततो.

हिशोब करून बघा ना. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असतं, म्हणजे 100 लिटरच्या टँकमध्ये साडेतीन किलो. आठवड्याला 5 लिटर उडालं आणि तेवढंच खारं पाणी घातलं तर 175 ग्रॅम मीठ जास्तीचं आत गेलं, असे चार आठवडे झाले की लिटरमागे 42 ग्रॅम, आणि दिसायला पाणी तसंच्या तसं स्वच्छ. कोळंबी, गोगलगायी आधी माना टाकतात आणि आपण कुठला रोग आला म्हणून शोधत बसतो. म्हणून उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त साधं आरओचं पाणी घालायचं, रोज थोडं थोडं, आठवड्याचं एकदम नाही.

माशाला याचा एवढा त्रास का होतो तेही समजून घ्या. गोड्या पाण्यातल्या माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरत असतं, खाऱ्या पाण्यात बरोबर उलटं होतं, माशाच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जातं, त्यामुळे तो बिचारा दिवसभर समुद्र पीत असतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकत असतो. क्षार वरखाली झाले की त्याच्या शरीराचं हे सगळं गणित बिघडतं. खारटपणाचा आकडा (पाण्याचं विशिष्ट गुरुत्व) 1.024 आहे की 1.026 यापेक्षा तो रोज तोच आहे का हे महत्त्वाचं. तापमानाचंही तेच, 25-26 अंशाला ठेवा आणि तिथंच राहू द्या.

मीठ मात्र ॲक्वेरियमचंच हवं, स्वयंपाकाचं चालत नाही, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम वगैरे नसतं. वेगळ्या बादलीत आधी आरओचं पाणी, मग त्यात पंप चालू ठेवून हळूहळू मीठ. मिठावर पाणी ओतू नका, कॅल्शियम खाली पांढरं बसून जातं. रात्रभर फिरू द्या, सकाळी रिफ्रॅक्टोमीटरने, म्हणजे खारटपणा मोजायच्या यंत्राने, मोजा, आणि तो मीटर साध्या पाण्यावर शून्य करण्यापेक्षा लिटरमागे 35 ग्रॅमच्या तयार द्रावणावर जुळवून घ्या, कारण तुम्हाला मोजायचंय ते त्याच्याच आसपास.

आता टँक तयार झाली, दगड रचले, वाळू टाकली, लाईट लागला, आणि मासे आणायची घाई होते सगळ्यांनाच. थांबा. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वाढायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. अमोनियाची बाटली मिळते ती थोडी घाला, बाटलीतले जिवाणू घाला आणि टेस्ट किटने बघत रहा. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्य व्हायला लागला आणि नायट्राइटही शून्य आलं की मगच मासा. जिवंत मासा सोडून हे जिवाणू वाढवायचा (याला सायकल करणं म्हणतात) सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, त्या माशाचे कल्ले जळतात. मधे काचेवर तपकिरी थर येईल, त्याला घाबरायचं कारण नाही, तो आपोआप जातो.

क्वारंटाइनबद्दल, म्हणजे नवीन मासा आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवण्याबद्दल, मात्र मी हट्टानेच सांगणार. मी एकदा एक मासा सरळ मोठ्या टँकमध्ये सोडला, छान खात होता, अंगावर काही नव्हतं. नवव्या दिवशी सकाळी त्याच्या पंखांवर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके, दुपारपर्यंत तो दगडाला अंग घासायला लागला, आणि पुढच्या पंधरवड्यात टँकमधले सगळे मासे गेले. तो मरीन इक, क्रिप्टोकॅरियन. हा परजीवी काही दिवस माशावर राहतो, मग गळून वाळूत-दगडांवर स्वतःभोवती कवच करून बसतो आणि तिथून पुन्हा शेकड्यांनी बाहेर पडतो, म्हणून ठिपके गेले की लोकांना वाटतं मासा बरा झाला. तांब्याचं औषध चालतं पण ते मोठ्या टँकमध्ये घालता येत नाही, कोळंबी, प्रवाळ सगळं मरतं. मग मासे बाहेर काढून औषध करायचं आणि मोठी टँक माशांशिवाय रिकामी ठेवायची, सहसा 76 दिवस धरतात. त्यापेक्षा एक साधी छोटी टँक, हीटर, स्पंज फिल्टर, लपायला पाईपचे तुकडे, आणि प्रत्येक नवीन मासा किमान चार आठवडे तिथं.

लांबून पिशवीत आलेला मासा तासभर थेंब थेंब पाण्याने सवय करत बसू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो म्हणून अमोनिया फार बाधत नाही, पिशवी उघडली की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. क्वारंटाइनचं पाणी आधीच पिशवीएवढं खारट करून ठेवा, बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगवा, उघडा, मासा उचलून आत सोडा, पिशवीतलं पाणी फेकून द्या. क्षार नंतर काही दिवसांत हळूहळू मोठ्या टँकएवढे आणा.

सुरुवातीला टँकमध्येच जन्मलेली ओसेलारिस क्लाउन माशांची जोडी घ्या, एक लहान एक थोडा मोठा. हे सगळे जन्मतः नर असतात, मोठा पुढे मादी होतो. ॲनिमोन (समुद्रात ते ज्याच्यात राहतात तो फुलासारखा दिसणारा प्राणी) लागत नाही त्यांना. मँडरिन मासा कितीही देखणा वाटला तरी नवीन टँकमध्ये नको, तो दिवसभर कोपेपॉड नावाचे बारीक जीव टिपून खातो आणि ते संपले की डोळ्यांदेखत उपाशी मरतो. ब्लू टँग माशाला पोहायला लांबलचक जागा लागते, लहान टँकमध्ये आणू नका.

खाणं दोन वेळा थोडं, फ्रोझन मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव) वाटीत टँकचंच पाणी घेऊन वितळवा, मिनिट-दोन मिनिटांत संपेल एवढंच. दर आठवड्याला 10 टक्के पाणी बदला, इथं खारंच पाणी, तेवढंच खारट आणि तेवढंच कोमट. वर जाळी हवीच, फायरफिश, रास हे उड्या मारणारे मासे. आणि बॅटरीवरचा एअर पंप घरात ठेवा, खाऱ्या गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी विरघळतो, लाईट गेली की पहिलं काम तेच.

चार दिवस बाहेर जायचं असेल तर खाण्याच्या रोजच्या पुड्या करून ठेवा, साध्या पाण्याच्या कॅनवर मोठ्या अक्षरात लिहा, मीठ आत कपाटात ठेवा, आणि ज्याच्यावर टँक सोपवताय त्याला ती चिकटपट्टी दाखवून जा.