एका रुग्णाचे दोन निक्षय क्रमांक

आमच्या रुग्णालयाच्या क्षयरोग विभागात निक्षय या क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणी पोर्टलवरील नोंदींचे काम माझ्याकडे आहे. उपचारांचे दोन महिने पूर्ण झालेल्या एका मावशींचा थुंकी तपासणीचा अहवाल पोर्टलवर दिसेना, आणि नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झालेले पोषण साहाय्यही त्यांच्या खात्यात जमा होत नव्हते.

प्रयोगशाळेची कागदी नोंदवही उघडली, तेव्हा तेथे त्यांच्या नावापुढे वेगळाच निक्षय क्रमांक आढळला. तालुक्याला निदान झाल्यावर एक नोंद झाली होती. पुढे आमच्या वॉर्डात भरती करताना कोणीतरी (बहुधा मीच) शोध न घेता दुसरी केली होती. पहिल्या नोंदीत माहेरचे आडनाव आणि शेजाऱ्याचा मोबाइल क्रमांक असल्याने नुसत्या नावावरून ती सापडलीही नसती.

दोन्ही नोंदींतील वय, गाव आणि उपचार सुरू केल्याची तारीख ताडून पाहिल्यावर जिल्हा क्षयरोग केंद्राच्या मदतीने जुनी नोंद कायम ठेवून ती आमच्याकडे हस्तांतरित करून घेतली, दुहेरी नोंद बंद करवली आणि बँक खात्याचा तपशील पासबुक समोर ठेवून पुन्हा भरला. आता भरतीच्या वेळी मी आधी उपचारपत्रिका मागतो; नवी नोंद त्यानंतरच.