जमिनीवर बसणारा छोटा हिरवा चतुर ओळखताना या चुका टाळा

पायवाटेवर, मैदानात किंवा पाण्यापासून बऱ्याच दूरच्या खुरट्या गवतात जमिनीवरच बसणारा, हिरवट पिवळ्या अंगावर काळ्या खुणा असलेला छोटा चतुर महाराष्ट्रात बहुतेक वेळा डिप्लाकोडेस ट्रिव्हियालिस या जातीचा असतो. इतका सर्वत्र दिसणारा असूनही त्याच्या नोंदी चुकतात, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे रंगावर ठेवलेली भिस्त. हिरवा रंग मादीचा आणि कोवळ्या नराचा असतो; नर जसजसा पक्व होतो, तसतसा त्याच्या अंगावर निळसर राखाडी भुकटीसारखा थर चढत जातो आणि अखेर काळ्या खुणाही त्याखाली झाकल्या जातात. त्यामुळे एकाच माळावरच्या हिरव्या आणि निळ्या चतुरांची नोंद दोन जाती म्हणून केली जाते. अर्धवट निळा झालेला नर तर हमखास गोंधळात टाकतो. तो केवळ वयाचा मधला टप्पा असतो.

दुसरी चूक आकार न पाहण्याची. ऑर्थेट्रम सबिना हा दुसरा चतुरही हिरवा-काळाच, परंतु त्याचे पोट एकटेच ३० मिलिमीटरांहून लांब असते, तर ट्रिव्हियालिसचे सुमारे २० मिलिमीटर. सबिनाचे पोट मुळाशी फुगीर आणि पुढे एकदम बारीक होते. पोटाच्या टोकावरची पांढरट उपांगे (शेपटीसारखे छोटे अवयव) आणि मुळाशी डाग नसलेले पारदर्शक पंख या ट्रिव्हियालिसच्या चांगल्या खुणा आहेत. मात्र सबिनाचीही उपांगे फिकट असल्याने त्या एकाच खुणेवर निर्णय देऊ नये. म्हणून छायाचित्र वरून आणि बाजूने, असे दोन्ही कोनांतून घ्यावे. बसल्यावर पंख मिटून घेणारा, डोळे एकमेकांपासून दूर असलेला बारीक कीटक दिसला, तर ती बहुधा टाचणी, म्हणजे चतुराच्या नात्यातला वेगळा कीटक, असते.

प्रदेशावरून ओळख पटवतानाही सावध राहावे. ट्रिव्हियालिस सेशेल्सपासून भारत, आग्नेय आशिया आणि जपानमार्गे उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेला आहे, त्यामुळे तो ‘आपल्याकडचाच’ मानणे चूक ठरते. याउलट तळ्यातल्या गवतावर बसणाऱ्या ॲसिसोमा पॅनॉर्पॉइडीस या आणखी एका चतुराचा विस्तार जुन्या पुस्तकांत आफ्रिकेपर्यंत दिलेला आढळतो. २०१६ मधील वर्गीकरणानंतर तिकडचे चतुर वेगळ्या जातींत गेले असून हे नाव आता आशियातल्या चतुरांपुरते उरले आहे.