जेलमधल्या परदेशी कैद्यांच्या खर्चाचे पैसे अमेरिकन सरकारकडे कसे मागायचे: स्कॅपचा अर्ज, पायरी पायरीने

मी अमेरिकेत एका काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) हिशेब खात्यात काम करतो. घरी फोनवर म्हटलं की या आठवड्यात स्कॅपचा अर्ज भरतोय, तर आई म्हणते हे काय नवीन स्कॅम. स्कॅम नाही गं, स्टेट क्रिमिनल एलियन असिस्टन्स प्रोग्राम. इथल्या सरकारी नोकरीत आपली बरीच मराठी मंडळी अकाउंट्स आणि आयटीत आहेत, कधी ना कधी ही फाइल तुमच्याही टेबलावर येऊन पडेल, म्हणून लिहून ठेवतोय.

मामला असा आहे. इमिग्रेशन हा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा विषय, पण कागदपत्रं नसलेला परदेशी माणूस राज्याच्या कायद्याखाली गुन्ह्यात दोषी ठरून जेलमध्ये बसला तर त्याच्या पहाऱ्याचा खर्च पडतो राज्यावर नाहीतर काउंटीवर. राज्यांनी खूप बोंब मारली आणि १९९४ च्या क्राइम कायद्यात या भरपाईची सोय झाली. पैसे जस्टिस डिपार्टमेंटमधलं ब्यूरो ऑफ जस्टिस असिस्टन्स देतं, कैद्यांची यादी होमलँड सिक्युरिटीवाले तपासतात. सगळे याला ग्रँट म्हणतात, पण आहे ती झालेल्या खर्चाची भरपाई, आणि तीही फक्त ऑफिसरांच्या पगाराची. जेवण, औषधं, लाइटबिल यातलं काही मागता येत नाही.

पहिलं काम, आपण पात्र आहोत का ते बघा. राज्य, काउंटी किंवा शहर, ज्याच्या हाताखाली ७२ तासांच्या वर माणसं ठेवणारं जेल आहे तेच अर्ज करू शकतं, आणि एका सरकारचा एकच अर्ज. शेरीफने (काउंटीचं जेल सांभाळणारा पोलीस प्रमुख) वेगळा आणि काउंटीने वेगळा असं चालत नाही, त्यामुळे आधी शेरीफच्या ऑफिसला फोन करा, कोण भरणार ते ठरवा, नंतर रुसवेफुगवे नकोत.

दुसरं, खाती. हे कंटाळवाणं आहे पण बहुतेक लोक इथेच अडकतात. सॅम डॉट गव्ह या फेडरल सरकारच्या वेबसाइटवर रजिस्ट्रेशन चालू पाहिजे, ते दरवर्षी रिन्यू करावं लागतं आणि फुकट असतं, रिन्यू करून देतो म्हणून पैसे मागणारी ईमेल आली तर सरळ डिलीट मारा. तिथूनच १२ अक्षरी यूईआय नंबर, म्हणजे आपल्या संस्थेचा ओळख क्रमांक मिळतो. मग जस्टग्रँट्स या जस्टिस डिपार्टमेंटच्या अर्जाच्या सिस्टीममध्ये लॉगिन, आणि पैसे काढायला ट्रेझरीचं असॅप नावाचं खातं. सही करणारा अधिकारी कोण, त्याचं नाव सिस्टीममध्ये आहे का, की तो रिटायर होऊन दोन वर्षं झाली, हे आत्ताच बघा. शेवटच्या दिवशी कळलं तर कुणी वाचवत नाही.

आता खरं काम, कैद्यांची यादी. कालावधी १ जुलै ते ३० जून असा बारा महिन्यांचा असतो, आणि बऱ्याचदा तो वर्षभर जुना असतो, म्हणजे तुम्ही भूतकाळ खणताय. यादीत कोण घ्यायचं? ज्याला राज्याच्या किंवा स्थानिक कायद्याखाली किमान एक फेलनी (गंभीर गुन्हा) किंवा दोन मिसडिमिनरसाठी (किरकोळ गुन्हे) शिक्षा झालीये, आणि जो त्या बारा महिन्यांत किमान सलग चार दिवस आत होता. नुसता पकडलाय, केस चालू आहे, असा माणूस धरायचा नाही. दोषी ठरला असेल तर मात्र खटल्याआधीचे दिवसही मोजता येतात, कालावधीत बसत असतील तेवढेच. मार्शल (फेडरल कोर्टाचे कैदी सांभाळणारे) किंवा आयसने (इमिग्रेशनवाले) आपल्या जेलमध्ये भाड्याने ठेवलेले कैदी धरायचे नाहीत, त्यांचे पैसे वेगळे मिळतात.

आणि परदेशी म्हणजे सरसकट सगळे परदेशी नाहीत हं. कायद्यात तीनच प्रकार आहेत: तपासणीशिवाय देशात शिरलेला, पकडला तेव्हा ज्याच्यावर डिपोर्टेशनची केस चालू होती तो, आणि व्हिसावर येऊन तो व्हिसाचा दर्जा राखू न शकलेला. ग्रीन कार्डवाला यात नुसता ग्रीन कार्डवाला म्हणून येत नाही. आमच्याकडे एकाने फक्त आडनाव बघून नावं उचलली होती, त्यातले कितीतरी इथेच जन्मलेले निघाले. जन्मदेश, एफबीआय नंबर आणि असेल तर ए-नंबर (इमिग्रेशनवाले परदेशी माणसाला देतात तो क्रमांक), यावर जा, आडनावावर जाऊ नका.

माझी स्वतःची चूक सांगतो. जेलच्या सिस्टीममधून फाइल काढली, एक्सेलमध्ये उघडली, आणि माझ्या लॅपटॉपची सेटिंग भारताची होती. ५ नोव्हेंबरचा झाला ११ मे. कुणाचीच तारीख चुकीची दिसत नव्हती कारण दोन्ही तारखा खऱ्याच वाटतात, १२ तारखेनंतरच्या तेवढ्या डावीकडे मजकुरासारख्या चिकटून बसल्या होत्या, त्यावरून लक्षात आलं. काही लोक सुटले आधी आणि आले नंतर! रात्री अकरापर्यंत बसून सगळी यादी परत काढली. त्यामुळे फाइल आधी मजकूर म्हणून उघडा, सुटल्याची तारीख वजा आत आल्याची तारीख असा एक कॉलम लावा, आणि उणे आकडे शोधा. एकच माणूस वर्षात तीनदा आला तर तीन ओळी, पण त्या तारखा एकमेकींवर चढता कामा नयेत.

होमलँड सिक्युरिटीच्या तपासणीत प्रत्येक नाव पात्र, अपात्र किंवा अज्ञात ठरतं. अज्ञात म्हणजे त्यांच्या रेकॉर्डमध्ये सापडलाच नाही, त्याचंही काही टक्के धरतात, पूर्ण नाही. म्हणून जन्मदेशाचा रकाना बुकिंगच्या, म्हणजे जेलमध्ये नोंद करण्याच्या रात्रीच नीट भरला जायला हवा. खिडकीवरच्या ऑफिसरने घाईत "अज्ञात" टाकलं की वर्षभराने माझ्या टेबलावर तेवढे डॉलर कमी. पैसा इथेच मिळतो किंवा बुडतो, फॉर्म हा शेवटचा अर्धा तास आहे.

मग पगाराचा आकडा. ज्याचं मुख्य काम कैद्यांवर पहारा आणि ताबा ठेवणं आहे त्याचाच पगार. स्वयंपाकी, नर्स, क्लार्क नाहीत. पीएफ-इन्शुरन्ससारखे बेनिफिट्स नाहीत. करारात किंवा नियमात सक्तीचा असलेला ओव्हरटाइम चालतो. पेरोलवाल्यांकडून एकूण आकडा घेऊन तसाच चिकटवू नका, त्यात बेनिफिट्स हमखास मिसळलेले असतात.

हिशेब कसा चालतो ते उदाहरणाने सांगतो, आकडे माझ्या मनाचे. समजा वर्षाचा ऑफिसरांचा पगार ६० लाख डॉलर आणि सगळ्या कैद्यांचे मिळून एकूण दिवस १,२०,०००. म्हणजे दिवसाला ५० डॉलर. तुमच्या यादीतले पात्र दिवस ४,००० निघाले तर मागणी झाली २ लाख डॉलरची. एकूण दिवसांत सगळे कैदी धरायचे असतात, नागरिकसुद्धा, इथे नवखा माणूस फक्त परदेशी धरतो आणि दर आभाळाला भिडतो.

आता २ लाख मिळतील असं समजून बजेट करू नका. काँग्रेस, म्हणजे इथली संसद, दरवर्षी ठराविक रक्कम मंजूर करते आणि देशभरच्या मागण्या त्यात बसवतात, कॅलिफोर्निया एकटाच केवढा मोठा वाटा घेऊन जातो, त्यामुळे हातात डॉलरमागे काही सेंट येतात. मी बजेटमध्ये हा रकाना शून्य ठेवतो, आले तर आले. काही कंपन्या कमिशनवर हा अर्ज भरून देतात. मोठ्या गुंतागुंतीच्या काउंटीला परवडत असेल, पण ज्याच्याकडे जेलचा डेटा स्वच्छ आहे आणि एक्सेल येणारा एक माणूस आहे त्याने ते कमिशन का द्यावं मला समजत नाही.

सबमिट करण्याआधी त्या वर्षीचं सॉलिसिटेशन (अर्ज मागवणारं, अटी सांगणारं पत्रक) पूर्ण वाचा, गेल्या वर्षीचं नाही. अटी बदलतात, विशेषतः इमिग्रेशन अधिकाऱ्यांना माहिती देण्याबद्दलच्या, आणि त्यावर सही करायची की नाही हे काउंटीच्या वकिलाने ठरवायचं, आपण नाही. काही ठिकाणी याच कारणाने अर्जच करत नाहीत.

पैसे आले की ते जेलच्या कामावरच लागतात, कायद्यातच तसं आहे. रस्ता, शाळा नाही. पगार, ट्रेनिंग, कैद्यांचा दवाखाना, सुटकेआधीचे कार्यक्रम, गाड्या हे चालतं. पावत्या जपून ठेवा, ऑडिटवाले विचारतात. आमच्याकडे एकदा याच पैशातून कैद्यांना कोर्टात न्यायची एक व्हॅन आली, सेकंडहँड, पण एसी चालतो, आणि ती खरेदी करताना जेवढे कागद लागले तेवढे अख्ख्या अर्जाला लागले नव्हते.