हिमयुग संपताना बर्फ कसा मागे हटला, यावर काम करायचंय? आधी तारखा वाचायला शिका

आइस शीट्सवर, म्हणजे खंडभर पसरलेल्या जाड बर्फाच्या थरांवर, काम करायचंय म्हणणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात की मॉडेलिंगसाठी पायथन शिकू की मॅटलॅब. काहीही शिका, दोन्ही उपयोगी पडतं. पण मला या फील्डमध्ये सगळ्यात जास्त कामाला आलेली गोष्ट वेगळीच आहे. रिसर्च पेपरात 'इथला बर्फ १५ हजार वर्षांपूर्वी गेला' असं वाचलं की ती तारीख नक्की कशाची काढलीये ते आधी शोधायचं.

मोठं चित्र थोडक्यात सांगतो. साधारण २६ ते १९ हजार वर्षांपूर्वी बर्फ सगळ्यात जास्त पसरलेला होता, कॅनडावर लॉरेंटाइड नावाची आइस शीट, उत्तर युरोपवर फेनोस्कँडियन नावाची, अंटार्क्टिकाचा बर्फही बऱ्याच ठिकाणी आजच्यापेक्षा खूप पुढे समुद्रात, आणि समुद्राची पातळी १२० मीटर किंवा त्याहून जास्त खाली. मग पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांनी उत्तरेचा उन्हाळा तापायला लागला, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला आणि बर्फ मागे सरकला, पण एकसारखा नाही. १४,६०० वर्षांपूर्वीच्या आसपास समुद्र काही शतकांतच १२ ते २० मीटर चढला, ताहितीच्या प्रवाळांत त्याची नोंद आहे, आणि त्यातलं किती पाणी कुठल्या आइस शीटचं यावर अजूनही वाद चालू आहे. तो मिटवायला तारखाच लागतात.

आता बेरिलियम-१० घ्या. बर्फाने आणून टाकलेल्या मोठ्या दगडावर कॉस्मिक किरण पडत राहतात आणि त्यातल्या क्वार्ट्झ या खनिजात हा आयसोटोप (बेरिलियमचा एक प्रकार) साठत जातो, म्हणजे दगड उघडा पडून किती काळ झाला ते कळतं. फील्डवर गेलात की उंच, सपाट माथ्याचा, जागेवरून न हललेला दगड शोधायचा, माथ्याच्या मधोमध छिन्नी-हातोड्याने वरचे दोन-तीन सेंटिमीटर काढायचे आणि चारी बाजूंच्या डोंगरांचे कोन क्लायनोमीटरने मोजून वहीत लिहायचे, कारण डोंगर किरण अडवतात. ती वही सॅम्पलइतकीच जपा. पुढे लॅबमध्ये दगड कुटणं, चाळणं आणि हायड्रोफ्लोरिक ॲसिडने क्वार्ट्झ साफ करणं यात महिने जातात. हे ॲसिड फार घातक आहे, ट्रेनिंगशिवाय हात लावू नका आणि ॲसिड अंगावर सांडल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेट जेल कुठे ठेवलंय ते पहिल्या दिवशीच बघून घ्या. बर्फाने दगड पुरेसा खरवडला नसेल तर आधीचं बेरिलियम शिल्लक राहतं आणि वय जास्त येतं, म्हणून एकाच दगडावर कधीच विसंबू नये.

समुद्रतळाच्या गाळातला शिंपला वेगळंच सांगतो. कोअर, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेला गाळाचा उभा नमुना, उघडला की खाली घट्ट, करडा, खडे मिसळलेला टिल दिसतो, म्हणजे बर्फाखालचा थर, आणि वर मऊ चिखल. चिखलातल्या शिंपल्याची कार्बन तारीख म्हणजे 'तोपर्यंत बर्फ गेलेला होता' एवढंच, नक्की कधी गेला ते नाही. त्यात अंटार्क्टिकाजवळचं पाणी मुळातच 'जुनं', म्हणजे त्यातला कार्बन जुना असल्यामुळे आज जिवंत असलेल्या शिंपल्याचंही कार्बन वय हजाराहून जास्त वर्षं येतं, ते वजा न करता दोन पेपरांतल्या तारखा शेजारी ठेवल्या की सगळा घोळ.

आणि काही पुरावे तारीख देतच नाहीत, फक्त बर्फ मागे हटण्याचा वेग देतात, मला तर हे फार आवडतात. नॉर्वेजवळच्या समुद्रतळावर बारीक समांतर वरंबे सापडलेत. भरती-ओहोटीबरोबर बर्फाची कड वर-खाली व्हायची आणि प्रत्येक ओहोटीला खालचा चिखल दाबला जाऊन एक वरंबा उठायचा, म्हणजे दिवसाला दोन. त्यांच्यातलं अंतर मोजून २०२३ मध्ये वेग निघाला, दिवसाला ५५ ते ६१० मीटर! अर्थात हे सपाट तळावर आणि थोडाच काळ. पण हजार वर्षांच्या अंतराच्या दोन तारखांमधून सरासरी काढलीत तर हा धडाका तुम्हाला कधीच दिसणार नाही.

गाइड निवडताना सरळ विचारा की सॅम्पल मी स्वतः प्रोसेस करणार की तयार आकडे मिळणार. शक्य असेल तर स्वतःच करा. ॲडमिशन व्हायची वाट न बघता घरबसल्याही सुरुवात होते, नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर क्यूजीआयएस फुकट आहे, समुद्रतळाच्या नकाशासाठी जेबको फुकट आहे, आणि युरेशियाच्या बर्फासाठी डेटेड-१ नावाचा तारखांचा डेटाबेस आहे. एक छोटा भाग निवडा, तिथल्या सगळ्या तारखा नकाशावर टाका, दगडाच्या एका रंगात, शिंपल्याच्या दुसऱ्या रंगात, आणि जिथे दोन रंग एकमेकांशी जुळत नाहीत तिथले मूळ पेपर काढून वाचायला बसा.